राखीव नव्हे, फिरता खेळाडू

बेसबॉलमध्ये ‘युटिलिटी (अनेक जागांवर खेळू शकणारा) खेळाडू म्हणजे ज्याला कुठेच पक्की जागा मिळाली नाही असा बाकावरचा माणूस’ हे मत आजच्या संघांबाबत एक वेळ मान्य करता येईल. परंतु विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील शिकागो कब्ज या संघाच्या आर्टी हॉफमनला, म्हणजेच ‘सर्कस सॉली’ला, ते लागू पडत नाही. इनफिल्डमधल्या (बेसच्या आसपासच्या) जागा असोत वा आउटफिल्ड (मैदानाचा मागचा भाग), जिथे कोणी जायबंदी होईल तिथे त्याला उभे केले जात असे. 1906 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेत, जिमी स्लॅगल दुखापतीमुळे बाहेर बसल्यावर हॉफमन सेंटर फील्डला (आउटफिल्डच्या मधल्या जागी) सर्व सहा सामने खेळला, आणि सबंध संघाची फलंदाजीची सरासरी (यशस्वी फटक्यांचे प्रमाण) .196 असताना या बदली खेळाडूची सरासरी .304 होती. (मालिका कब्जने गमावली, हा भाग वेगळा.)

न्यूयॉर्क जायंट्सच्या फ्रेड मर्कलची चूक, म्हणजे विजयी फटक्यानंतर दुसऱ्या बेसला स्पर्श न करताच माघारी फिरणे, प्रसिद्ध आहे, पण त्यातला एक दुवा राहून जातो. 23 सप्टेंबर 1908 रोजी मर्कलचा सहकारी ब्रिडवेलने मारलेला चेंडू सेंटर फील्डमध्ये अडवला तो हॉफमननेच. विजयी धाव झाली असे समजून प्रेक्षक मैदानात उतरत असताना, सामना संपला असे गृहीत न धरता त्याने चेंडू इनफिल्डकडे फेकला. पुढे कब्जच्याच जॉनी एव्हर्सने दुसऱ्या बेसवर चेंडू दाखवून मर्कल बाद असल्याचा दावा केला आणि पंच हँक ओ’डे यांनी तो उचलून धरला. एव्हर्सच्या हाती आलेला चेंडू तोच होता की दुसराच कुठला, यावर मात्र अजूनही वाद घालता येतो. पुढे नियमित जागा मिळाल्यावर, 1910 मध्ये, हॉफमनने .325 ची सरासरी राखली.