युरोपातल्या बास्केटबॉल क्लबांना वरची जागा मैदानावर मिळावी की परवान्यावर?

खानापूरचा गार्ड

शाळेच्या पोरांना बास्केटबॉल शिकवतो, त्यामुळे हा विषय मला फार लागतो. आपल्याकडे तालुका जिंकला की जिल्हा, मग बेळगाव विभाग, मग राज्य. ऑगस्टात सिमेंटच्या कोर्टावर शेवाळ धरतं. ब्लिचिंग पावडर टाकून खराट्यानं घासल्याशिवाय पाय ठेवता येत नाही, तरी पोरं सकाळी सहाला हजर असतात. जिंकलं तर पुढं जायला मिळणार, एवढी एक खात्री त्यांना असते.

युरोपातल्या मोठमोठ्या क्लबांना ती नाही. सगळ्यात वर युरोलीग, तिच्याखाली युरोकप, या दोन्ही एकाच कंपनीच्या. दुसरीकडे जागतिक संघटना फिबाची बास्केटबॉल चॅम्पियन्स लीग आणि तिच्याखाली फिबा युरोप कप. लोक याला चार पायऱ्या म्हणतात, पण वरच्या दोन आणि खालच्या दोन यांच्यामध्ये पायरीच नाही. २०१६ मध्ये युरोलीगनं अकरा क्लबांना दीर्घ मुदतीचे परवाने दिले. कितीही हरा, जागा पक्की.

बॉनचं बघा. २०२३ मध्ये या जर्मन क्लबनं चॅम्पियन्स लीग जिंकली. प्रशिक्षक तुओमास ईसालो, आणि गार्ड, म्हणजे चेंडू पुढं नेऊन खेळ रचणारा, टी. जे. शॉर्ट्स, उंची जेमतेम पावणेसहा फूट. बास्केटखाली उभ्या उंच सेंटरच्या काखेखालून घुसून बास्केट करायचा! एवढं करून क्लबला युरोलीगची जागा नाही. त्याच उन्हाळ्यात ईसालो पॅरिसच्या क्लबकडं गेला, शॉर्ट्स आणि आणखी काही खेळाडूही तिकडंच. २०२४ मध्ये पॅरिसनं युरोकप जिंकला आणि पुढच्या हंगामात ते युरोलीगमध्ये. माणसं वर गेली, क्लब होता तिथंच राहिला. हे मला मान्य नाही.

टिळकवाडीकर

सर, तुमच्या पोरांबद्दल आदर आहे, पण शाळेच्या स्पर्धेचा नियम व्यावसायिक क्लबला लावू नका. शाळेला खेळाडूंचा पगार द्यावा लागत नाही.

लिथुआनियाचं कौनास घ्या. लोकवस्ती तीन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या बेळगावपेक्षा लहान गाव. तिथला झालगिरिस क्लब १९९९ चा युरोलीग विजेता. २०११ मध्ये उघडलेल्या त्यांच्या स्टेडियममध्ये पंधरा हजारांवर लोक बसतात आणि युरोलीगच्या सामन्यांना ते भरतं. पुढच्या वर्षी माद्रिद, अथेन्स, इस्तंबूलचे संघ आपल्या गावात येणार हे नक्की असलं, तरच प्रायोजक चार वर्षांचा करार करतो. परवाना नसेल तर असा क्लब एका वाईट हंगामात बसतो.

आणि दार बंद आहे कुठं? मोनॅकोनं २०२१ मध्ये युरोकप जिंकला, वर आले, आणि २०२५ मध्ये थेट अंतिम सामना खेळले. इस्तंबूलच्या फेनरबाहचेकडून हरले, पण पोचले ना!

खानापूरचा गार्ड

झालगिरिसचं उदाहरण तुम्हीच काढलंत ते बरं झालं. २०२४ मध्ये लिथुआनियाची लीग जिंकली कोणी? विल्निअसच्या रितासनं. आणि पुढच्या हंगामात युरोलीग खेळलं कोण? झालगिरिस. देशाचा विजेता रितास चॅम्पियन्स लीगमध्ये. विल्निअसच्या पोरानं यातून काय शिकायचं?

बॉनची वस्तीही तीन लाखांच्या थोडी वर आहे. लहान गावाची काळजी असेल तर दोन्ही गावांची करा.

मोनॅको वर आलं कारण ते युरोकपमध्ये होतं. फिबाच्या बाजूनं कितीही जिंका, तो जिना वर पोचतच नाही. स्पेनमधल्या मालागाच्या युनिकाहानं २०२४ आणि २०२५, लागोपाठ दोन वर्षं चॅम्पियन्स लीग मारली. ती जिंकून युरोलीगचं दार काही उघडलं नाही.

टिळकवाडीकर

रितासचा मुद्दा कडक आहे, नाकारत नाही. तरी एका अंतिम फेरीवर पंधरा हजारांचं स्टेडियम रिकामं ठेवायला मी तयार नाही. झालगिरिस वर्षानुवर्षं प्रेक्षक आणतंय, तेही कर्तृत्वच आहे की. परवाना त्याचा मोबदला समजा.

शहापूरची फॉरवर्ड

दोघंही परवान्यावरच अडलाय. मूळ दुखणं दोन संघटनांच्या भांडणाचं आहे. २०००-०१ मध्ये हे इतकं विकोपाला गेलं की युरोपात एकाच वर्षी दोन विजेते झाले, फिबाच्या सुप्रोलीगचा मक्काबी तेल अवीव आणि नव्या युरोलीगचा किंडर बोलोन्या. दोघांची गाठच पडली नाही. खेळणाऱ्याला याचं किती वाईट वाटत असेल!

आजही तेच. २०१७ पासून फिबा नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय संघांचे पात्रता सामने ठेवते आणि युरोलीग त्यासाठी थांबत नाही. खेळाडूनं देश निवडायचा की पगार देणारा क्लब? त्यात २०२५-२६ ला युरोलीगमध्ये वीस संघ, म्हणजे साखळीतच ३८ सामने, वर देशातली लीग वेगळी. गुडघ्यांचा विचार कोणी करायचा? मी गुडघ्यापायीच खेळ सोडला, म्हणून पोटतिडकीनं विचारते.

आफ्रिकेत २०२१ मध्ये फिबा आणि अमेरिकेच्या एनबीए लीगनं मिळून बास्केटबॉल आफ्रिका लीग सुरू केली. बारा संघ, बहुतेक आपापल्या देशात जिंकून आलेले, काही थेट आणि काही पात्रता फेरीतून. तिथं जमलं.

निपाणीचा रिबाउंड

ताईंशी सहमत, फक्त दोन संघटना एक व्हायलाच हव्यात असं नाही. आम्ही निपाणीवाले चिक्कोडी शैक्षणिक जिल्ह्यात, तुम्ही बेळगावात. अधिकारी वेगळे, वेळापत्रक वेगळं. तरी दोन्हीकडचे विजेते विभागाला समोरासमोर येतात. खाली दोन वाटा असल्या म्हणून वर गाठ पडायला कुणाची हरकत आहे?

टिळकवाडीकर

आफ्रिकेत पाटी कोरी होती, ताई. युरोपात १९५८ पासूनचा इतिहास आहे, तो पुसून कसं चालेल? पण निपाणीकरांचं पटतं. परवाने राहू देत, एक जागा मात्र दोन्ही बाजूंसाठी ठेवा. मार्च २०२५ मध्ये एनबीए आणि फिबानं युरोपात नवी लीग काढायचा विचार जाहीर केला, त्यातही काही जागा कायमच्या आणि काही मिळवायच्या, असंच बोलणं आहे.

खानापूरचा गार्ड

परवाने राहू देत, याला माझा विरोध कायम. पण तेवढी एक जागा तरी आधी द्या. युरोकपचा विजेता आणि चॅम्पियन्स लीगचा विजेता, तीन सामने, दोन जिंकेल तो वर. तिसरा लागला तर तिऱ्हाईत गावात. अशी सोय २०२३ मध्ये असती तर बॉनसमोर त्या वर्षीचा युरोकप विजेता, स्पेनचा ग्रान कनारिया क्लब उभा राहिला असता, आणि ईसालो-शॉर्ट्स ती मालिका खेळल्याशिवाय पॅरिसला गेले नसते, असं माझं ठाम मत आहे.