पोटातला मुका मार आणि 'सौम्य मेदार्बुद'

रंकाळेकर: मामा मोटारसायकलवरून पडले, हँडल पोटात घुसलं. वर ओरखडासुद्धा नाही, पण रात्री लघवीतून रक्त. सीटी स्कॅनमध्ये मूत्रपिंडावर 6 सेंमीची गाठ निघाली, मारानं फुटलेली. नाव अँजिओमायोलायपोमा. संमतीपत्रात मराठी होतं: 'बोथट आघात', 'सौम्य मेदार्बुद'. अर्बुद वाचून मामीनं कॅन्सरच धरला. घरात बोलता येतील असे शब्द सुचवा.

लाल माती: बोथट आघात कोण म्हणतंय? मुका मार म्हणा की! तालमीत रोजचा शब्द हाय. आतनं दुखतंय, वरनं काय बोलत नाही, म्हणून मुका. काहीजण 'मुक्का मार' लिहितात, पण बुक्कीचा इथं काय संबंध?

शब्दवेडी: अर्बुदाला उगाच बदनाम करू नका. अर्बुद म्हणजे गाठ. सुश्रुतसंहिता या जुन्या आयुर्वेद ग्रंथाच्या निदानस्थानात (रोग ओळखण्याच्या भागात) ते गोल, स्थिर, कमी दुखणारं, सावकाश वाढणारं आणि न पिकणारं असं सांगितलंय. मेदाचं, म्हणजे चरबीचं, अर्बुद हा त्यातलाच एक प्रकार. कॅन्सरचा वास त्याला अलीकडे लागला.

रंकाळेकर: मग सरळ 'चरबीची गाठ'?

दवाखान्यातला: तिथंच घोटाळा होतो. चरबीची गाठ म्हणजे लायपोमा, कातडीखाली बोटानं सरकणारी. अँजिओ म्हणजे रक्तवाहिनी, मायो म्हणजे स्नायू, लायपो म्हणजे चरबी. या गाठीतल्या वाहिन्या कच्च्या असतात, फुग्यासारख्या फुगतात. गाठ 4 सेंमीच्या पुढं गेली की रक्तस्रावाची भीती वाढते, कधी मार न लागताही फुटते. 'चरबीची गाठ' म्हटलं की नेमकी धोक्याची गोष्टच गळते.

शब्दवेडी: आणि 'सौम्य'? शेजारच्या अवयवांत घुसत नाही, अंगभर पसरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. 'निरुपद्रवी' तर त्याहून वाईट. निरुपद्रवी म्हणायचं आणि दोन बाटल्या रक्त चढवायचं! 'कॅन्सर नसलेली' असं उघड लिहावं.

रंकाळेकर: मामीला हे सगळं सांगितलं. म्हणाली, "म्हंजे चरबीत शिरांचं गुंतवळ झालंय म्हणा की." मला हाच शब्द पटला. मामा कालच घरी आलेत. फक्त 'चरबी' ऐकून पाव्हण्यांनी त्यांचा तांबडा-पांढरा रस्सा बंद केलाय.

दवाखान्यातला: खाण्यातल्या चरबीनं ही गाठ होत नाही. एवढं पाव्हण्यांना सांगा.