कुत्रीच्या लघवीच्या जागेचं कातडं सारखं चिघळतंय, काय करू?

जांबोटी_रोड_अक्का:
नमस्कार. आमची चिंगी, लॅब्राडोर, चार वर्षांची, वजन 38 किलो. पाच महिन्यांची असताना, एकदाही माजावर यायच्या आधी, तिचं पिशवीचं ऑपरेशन झालंय. गेल्या आषाढापासून तिच्या लघवीच्या जागेभोवती कातडं लाल होतं, ओलसर राहतं आणि वास मारतो. रात्रभर चाटायलीय. तो चप चप आवाज ऐकून मला झोप लागत नाही, आणि दिवा लावून बघितलं की माझ्याकडं अशी बघते की पोटात तुटतं.

आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. इकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. चार-चार दिवस गोणपाटसुद्धा वाळत नाही. आधी हळद आणि खोबरेल लावलं. मग जाऊबाईंनी सांगितलं म्हणून डेटॉलच्या पाण्यानं पुसलं, तेव्हा चिंगी ओरडून पळाली. ते मी करायला नको होतं. मग मेडिकलमधून गजकर्णाची ट्यूब आणली. चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी दुप्पट. एका डॉक्टरांनी शेपूट वर न करताच इंजेक्शन दिलं, तेही आठच दिवस टिकलं.

पू नाही, रक्त नाही, खाणं व्यवस्थित. पण अलीकडं अंगणात सारखी बसते आणि थेंब-थेंब लघवी करते. घरात विषय काढला तर सगळे मान फिरवतात, "तिथं काय बघायचं?" म्हणतात. हे वरचं कातडं आहे की आतलं दुखणं?

निपाणीकर:
अक्का, लाजू नका, बरं केलंत विचारलंत. आमच्या पगला हेच झालं होतं. तिला आडवी निजवा, दोन बोटांनी वरची कातडीची घडी हळू उचला आणि आत बघा. आमच्याकडं बाहेरून नुसता लालसरपणा दिसायचा, घडीच्या आत तपकिरी चिकट थर आणि सोललेलं कातडं होतं. योनीमुख लहान आणि आत ओढलेलं असलं की वरून चरबीची वळी येते. लघवीचे थेंब तिथंच अडकतात, हवा लागत नाही, मग बॅक्टेरिया आणि यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वाढतात. चिंगीचं ऑपरेशन पहिल्या माजाआधी झालंय आणि वजनही जास्त आहे, दोन्ही गोष्टी त्याच बाजूला जातात.

आमच्या डॉक्टरांनी घडीत पारदर्शक चिकटपट्टी दाबली, काचेवर रंगवून मायक्रोस्कोपखाली बघितली आणि मगच औषध ठरवलं. घरी आम्ही दिवसातून दोनदा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या, जनावरांसाठीच्या वाइप्सनी पुसायचो. पण खरं काम त्यानंतरचं: मलमलच्या जुन्या कापडानं टिपून कोरडं करणं. चोळायचं नाही, टिपायचं. तेल तर बंदच करा, ते ओल धरून ठेवतं. आणि बरं होईपर्यंत गळ्यात तोंड मागं वळू न देणारी नरसाळ्यासारखी कॉलर घाला, नाहीतर चाटून सगळं पुन्हा ओलं. एवढं करूनही परत-परत होत असेल तर जास्तीची घडी काढायचं ऑपरेशन असतं, पण ते शेवटी.

चिकोडीचे_काका:
मी जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो, आता निवृत्त. डॉक्टर नाही, पण तीस वर्षं बघितलंय.

अक्का, थेंब-थेंब लघवी म्हणजे मूत्राशयालाही संसर्ग असू शकतो. लघवी तपासल्याशिवाय मलम बदलत बसू नका. गजकर्णाच्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं, म्हणून चार दिवस लाली दबते आणि खाली जंतू वाढतात. शिवाय चाटून सगळं पोटात जातं.

बाकीच्यांसाठीही सांगतो. तुमच्या कुत्रीची पिशवी काढलेली नसेल आणि माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत ती खूप पाणी पिऊ लागली, खाणं सोडलं, तर पू दिसो वा न दिसो, त्याच दिवशी दवाखाना गाठा. गर्भाशयात पू साठतो, त्यानं जीव जातो. मोकळ्या फिरणाऱ्या कुत्रीला तिथं फ्लॉवरसारखी रक्ताळणारी गाठ आली तर ती समागमातून पसरणारी असते; व्हिन्क्रिस्टिन या कॅन्सरवरच्या औषधाची इंजेक्शनं आठवड्याला एक अशी काही आठवडे देऊन बहुतेकदा जाते. आणि लहान पिल्लीला पहिल्या माजाआधी थोडा चिकट स्राव येत असेल तर अनेकदा पहिल्या माजानंतर आपोआप थांबतो. तिचं पिशवीचं ऑपरेशन घाईनं करण्याआधी डॉक्टरांशी हे नक्की बोला.

जांबोटी_रोड_अक्का:
तीन आठवड्यांनी लिहायलेय. शेजाऱ्यांच्या ओम्नीतून बेळगावला नेलं. डॉक्टरांनी सोनोग्राफीत बघत पोटातून सुईनं लघवी घेतली, म्हणजे बाहेरचे जंतू त्यात मिसळत नाहीत. कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघतात त्या तपासणीत, संसर्ग निघाला, घडीत यीस्टही. गोळ्या पूर्ण दिल्या, मध्येच बरं वाटलं म्हणून थांबवल्या नाहीत. घडी उचलून पुसते, टिपते, मग केस वाळवायच्या मशीनच्या गार वाऱ्यानं कोरडं करते. तोंड फिरवणारे माझे दीरच आता कॉलर धरून बसतात.

दुपारची भाकरी आणि दूध बंद, तिचं खाणं मोजून देते. भात गिरणीवाले मामा दर रविवारी चिंगीला काट्यावर चढवू देतात. काल 37.2 भरली. काका, एवढा उतार पुरे आहे की अजून वेगानं उतरवू?

चिकोडीचे_काका:
याच चालीनं राहू द्या. एकदम उपाशी ठेवू नका. आणि गोळ्या संपल्यावर लघवी एकदा परत तपासून घ्या, ते लोक विसरतात.