मदत हवी आहे: पृथ्वी सूर्यावर का पडत नाही, हे चौथीच्या मुलांना कसं दाखवू?

गुहागरजवळच्या शाळेत शिकवते, चौथीची २२ मुलं आहेत. किनाऱ्यावर नेऊन अंतरं दाखवली, सूर्य म्हणजे नारळ, १५ मीटरवर पृथ्वी म्हणून मोहरीचा दाणा, ७८ मीटरवर करवंदाचा गुरू, नेपच्यून तर पार साडेचारशे मीटरवर, सुरूच्या बनापाशी. हे सगळ्यांना मस्त कळलं.

अडलंय पुढे. सूर्य ओढतो तर पृथ्वी आत का पडत नाही? दोरीला दगड बांधून फिरवला तर एक पोरगी म्हणाली, "बाई, पण वर दोरी कुठाय?" बरोबरच आहे तिचं. मग ओढणी ताणून मधे नारळ ठेवला नि कडेने गोट्या सोडल्या, तर दोन-तीन फेऱ्यांत गोटी नारळाला जाऊन चिकटते, आणि आता मुलांना वाटतंय पृथ्वीही अशीच पडणार! कापडाच्या घर्षणाने गोटीचा वेग कमी होतो, अवकाशात तसं होत नाही, पृथ्वी सेकंदाला ३० किमी वेगाने आडवी धावतेय, हे सांगून झालं, पण नुसतं सांगून पटत नाही ना.

प्रोजेक्टर नाही, व्हिडिओ नको, मुलांनी हाताने करायला हवं. घर्षण जवळजवळ नसलेलं, आणि दोरीशिवायचं असं काही कुणी वर्गात करून बघितलंय का?