रेघ वाकडी गेली की कागद फाडते, काय करू?

सातारकरीण: लेक तिसरीत आहे. चित्रांची हौस दांडगी, पण जरा बिघडलं की कागद टराटरा फाडते. परवा मोराचा पिसारा निम्मा झाला होता. निळा रंग ओघळला आणि संपलंच. मग रडारड, "मला येतच नाही." सासूबाई म्हणतात, लाडावलीय. मला नाही पटत. समजवायला गेलं की आणखी चिडते.

निवृत्त बाई: जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, म्हणून सांगते. रडत असताना समजावू नका, काही डोक्यात शिरत नाही. शेजारी बसा. "रंग ओघळला, राग आला ना?" एवढंच. बाकीचं रात्री जेवताना. आणि घरी "किती हुशार गं!" चालतं का? 1998 मध्ये अमेरिकेत म्यूलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी पाचवीच्या मुलांवर प्रयोग केले होते. हुशारीची शाबासकी मिळालेली मुलं अवघड कोडी चुकल्यावर खचली. मेहनतीचं कौतुक झालेली चिकाटीने बसली.

सातारकरीण: चालतं की! आजोबा तर येईल त्याला "आमची आर्टिस्ट" म्हणून दाखवतात.

खोडरबर: आजोबांना आवरणं अवघड, शुभेच्छा! आमच्याकडे पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा असतो. बिघडलं तर उलटायचं. डागाचं काय करायचं, हे तिलाच विचारा. आमच्या पोराने एकदा त्याचा बेडूक केला, चांगला तीन डोळ्यांचा.

सातारकरीण: ऑफिसातून पाठकोरे आणते. आजोबांशी मात्र नवऱ्याने बोलावं.