मदत हवी आहे: कांट कळत नाही, निबंध पुढे ढकलला जातोय

एम.ए. तत्त्वज्ञान, पहिलं वर्ष. कांटच्या 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन'मधल्या ट्रान्सेंडेंटल डिडक्शनवर (मनातल्या मूलभूत संकल्पना अनुभवाला का लागू होतात, हे सिद्ध करणारा भाग) ११ दिवसांत निबंध द्यायचाय. एकेक परिच्छेद चार-चार वेळा वाचते. शब्द कळतात, युक्तिवाद हातातून निसटतो. मग 'अजून थोडं वाचून लिहू' म्हणत रोज टाळते आणि रडकुंडीला येते. आधी कांटचंच १७८३ चं 'प्रोलेगोमेना' हे याच विषयावरचं छोटं पुस्तक वाचलं, त्याने बरंच उलगडलं. व्हिडिओ पाहताना समजल्यासारखं वाटतं, पण लिहायला बसलं की काहीच आठवत नाही. विषय बदलता येणार नाही, जर्मन येत नाही.

कांटने हा भाग १७८७ च्या दुसऱ्या आवृत्तीत नव्याने लिहिला. दोन्ही वाचलेल्यांनी सांगा: पहिल्यांदा वाचणाऱ्याने १७८१ चा (पहिल्या आवृत्तीतला) धरावा की १७८७ चा? आणि पूर्ण कळलेलं नसताना पहिलं पान कसं लिहिता?