अनुभव धागा : नागपूरकर आणि खाऱ्या पाण्याचे मासे

समृद्धी महामार्ग झाला तरी आपल्याला समुद्र काही जवळ आला नाही. ७०१ किलोमीटर कापल्यावर आपण ठाणे जिल्ह्यात पोचतो, लाटा त्याच्याही पुढे. आपल्याकडे मासा म्हणजे रोहू, कतला, मरळ, नाहीतर झिंगे. समुद्रातला जिवंत मासा बहुतेकांनी पहिल्यांदा पाहिला तो काचेआडूनच. मुंबई, रत्नागिरी किंवा इथलंच एखादं प्रदर्शन, जिथला असेल तिथला अनुभव लिहा. फक्त ‘मस्त होतं, पोरांना मजा आली’ एवढ्यावर सुटका नाही. कोणता मासा आणि तो काय करत होता, ते हवं.

इतवारीतून

मी तारापोरवाला पाहिलं तेव्हा हाफपँटीत होतो राजेहो. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी उद्घाटन केलेलं मत्स्यालय, मरीन ड्राइव्हवरचं. पारशी दानशूराचं नाव असलेलं. बाबूजींनी हे सगळं आम्हाला बाहेर उभं करून सांगितलं, तोवर आमचं लक्ष दाराकडे. आत अंधार, फक्त टाक्यांत उजेड. एक पाकट, म्हणजे चपट्या अंगाचा मासा, काचेला पोट लावून सरसर वर गेला. खाली पांढरंफटक अंग, त्यावर दोन टिकल्या आणि हसरं तोंड. आम्ही भावंडं त्याच्या डोळ्यात डोळे घालून बसलो. तिथल्या माणसानं सांगितलं, बाळांनो, ते डोळे नाहीत, नाकपुड्या आहेत. डोळे पाठीवर. ते पाकटाचं हसू मी अजून नातवंडांना तोंड वाकडं करून दाखवतो. २०१५ मध्ये नूतनीकरण होऊन आत काचेचा बोगदा झाला, तो मात्र पाहायचा राहिला. कोविडमध्ये बंद पडलं ना ते.

महालातून, माहेर रत्नागिरी

सासरचे सगळे माझ्या माहेरी आले की त्यांना झाडगावच्या सागरी संशोधन केंद्रात न्यायचं हे ठरलेलं. देवमाशाचा सांगाडा पाहून सगळे गार होतात, पण माझं मन टाक्यांत. खरं सांगते, लोक रंगीत माशांपुढे गर्दी करतात आणि आपल्या किनाऱ्यावरच्या खेकड्या-शेवंडींपुढून (शेवंड म्हणजे लॉबस्टर) फोन बघत निघून जातात. ह्याचा मला राग येतो.

गेल्या खेपेस एका टाकीत दोन शेवंडी. एक कोपऱ्यात दगडाआड, दुसरी मधोमध आडवी, निपचित. सासूबाई हळहळल्या, ‘मेली वाटते गं, कोणी काढत पण नाही.’ नीट पाहिलं तर मधली पोकळ होती. पाठीवर चीर, आरपार उजेड दिसणारी. ती कात होती! मिशा, पाय, डोळ्यांवरची टोपणं, सगळं जसंच्या तसं. खरी शेवंड मऊ अंगाने दगडाआड बसलेली, नवं कवच टणक होईपर्यंत. सासूबाई तिथून हलेचनात. रश्श्याचा विषय निघाला नाही, आणि हे सावजी घरातल्या बाईबद्दल सांगते आहे, याची नोंद घ्या.

प्रतापनगरातून

आम्ही मुंबईत गेलो तो सोमवार निघाला, सोमवारी तारापोरवालाला सुट्टी असायची. चौपाटीवर भेळ खाल्ली. झाला अनुभव.

मनीषनगरातून

इथल्याच मैदानावर माशांच्या बोगद्याचं प्रदर्शन लागलं होतं, नाव घेत नाही. बाहेर फलकावर शार्क आणि प्रवाळ. आत काय? अ‍ॅमेझॉनचा अरापायमा, मगरीच्या तोंडाचा अमेरिकन गार आणि कोई कार्प. सगळे गोड्या पाण्याचे! कोई तर आपल्या रोहूच्याच गणगोतातला. मुलगी विचारते, ‘आई, हे समुद्रात राहतात?’ तिकीट काढून खोटं शिकवायला नेलं म्हणायचं. मासे देखणे होते, नाही म्हणत नाही, पण निदान फलक तरी खरे लावा ना बाप्पा.

अजनीतून, मत्स्यविज्ञानाचा विद्यार्थी

ताई, तुमचा राग रास्त आहे, पण यामागचं कारण सांगतो. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे हजार लिटरच्या टाकीला ३५ किलो. घरातलं मीठ चालत नाही, कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं प्रमाणात लागतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढावं लागतं. मग गाळणीत जिवाणू वाढू द्यायचे, त्याला कित्येक आठवडे जातात. मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, तो हे जिवाणू पचवतात. जिवाणू नाहीत तर मासे मेलेच समजा. वर आपला मे महिना, ४५ अंश. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, त्यात लाइन गेली की संपलं. फिरत्या प्रदर्शनाला हे परवडत नाही, म्हणून गोड्या पाण्याचे मासे. नागपुरात कायमचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय उभारता येईल, पण त्याला इमारतीपेक्षा रोज पाणी तपासणारी माणसं आधी लागतील.

धंतोलीतून

दादा, एक शंका. पापलेट २०२३ पासून आपला राज्यमासा, मग तो कुठल्याच टाकीत कसा दिसत नाही?

अजनीतून

काकू, तो फार नाजूक. हाताळलं की बारीक खवले निघून येतात. त्यातून थव्यानं मोकळ्या पाण्यात हिंडायची सवय आणि खाणं पाण्यात तरंगणारे बारीक जीव. टाकीत त्याला टिकवणं भल्याभल्यांना जड जातं. शेवंड, पाकट, वाम, खेकडे ही मंडळी त्यामानाने सोशिक, म्हणून तीच जास्त दिसतात.